समुद्रकृमींची ओळखपरेड

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा त्याच्याकडे कधी नीट पाहिले आहे का तुम्ही? वरवर पाहावे तर नुसता काळा, बुळबुळीत गाळ. खेकडे आणि उड्या मारणाऱ्या निवट्या सोडल्या, तर तिथे जीवमात्र दिसत नाही. पण त्याच गाळाची ओंजळभर माती बारीक चाळणीत घेऊन पाण्याखाली धरा. खाली राहतात ते लालसर, हिरवट, वळवळणारे धागे. हे समुद्रातले कृमी. नात्याने ते आपल्या शेतातल्या गांडुळाचे भाऊबंदच. अंगावर तशीच वलये. फरक एवढाच, की गांडुळाच्या अंगावरचे राठ केस शोधावे लागतात आणि यांच्या मात्र दोन्ही कुशींवर केसांचे झुपकेच्या झुपके असतात. म्हणून शास्त्राने त्यांना ‘बहुशूक’ असे नाव दिले आहे. शूक म्हणजे तो राठ केस. आजवर या गटातल्या दहा हजारांहून अधिक जातींना नावे मिळाली आहेत आणि दरवर्षी त्यांत भर पडते आहे.

मी काही प्राणिशास्त्राचा माणूस नव्हे. मी मुलांना तर्कशास्त्र शिकवतो. पण या कृमींच्या बारशाची हकीकत वाचू लागलो, तेव्हा वाटले, की अरे, हा तर आपलाच प्रश्न! दोन वस्तू सारख्या दिसतात, एवढ्यावरून त्या एकच आहेत असे म्हणता येते का? वर्गात हा प्रश्न विचारला, की मुले जांभया देतात. समुद्राच्या चिखलात मात्र या प्रश्नावर पुष्कळ काही अवलंबून असते, ते कसे ते पाहा.

कृमी ओळखायची जुनी रीत म्हणजे त्याच्या अंगाचा एकेक भाग तपासणे. डोक्यावर मिशा किती, डोळे आहेत की नाहीत, जबड्याला दात किती, कल्ले कितव्या वलयापासून सुरू होतात आणि कुठे संपतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचे ते केस. सूक्ष्मदर्शकाखाली हे केस पाहिले, म्हणजे निसर्गाने एवढ्याशा जागेत केवढे लोहारकाम करून ठेवले आहे, याचे नवल वाटते. कुणाचा केस भाल्यासारखा, कुणाचा आकड्यासारखा, कुणाचा फणीसारखा दातेरी. आणि त्या फणीचे दातही जातीजातींत वेगळे. हे सारे पाहायचे आणि छापील किल्ली उघडून बसायचे. ‘कल्ले आहेत? मग अमुक कलम पाहा. नाहीत? मग तमुक पाहा.’ असे पायरीपायरीने चालत गेले, की शेवटी एक नाव हाती येते.

या किल्लीत एक खोट आहे, ती इथेच सांगून ठेवतो. तुमच्या हातातला प्राणी किल्ली करणाराने कधी पाहिलेलाच नसेल, तरीसुद्धा ती तुम्हांला कुठल्या तरी नावाशी नेऊन पोहोचवते. ‘हा मला ठाऊक नाही,’ असे उत्तर ती सहसा देत नाही.

आणि किल्ल्या कुणी केल्या होत्या? बहुतेक युरोपातल्या विद्वानांनी, आणि युरोपच्या किनाऱ्यांवरचे कृमी समोर ठेवून. प्येर फोव्हेल नावाच्या फ्रेंच पंडिताने 1923 आणि 1927 साली फ्रान्सच्या बहुशूक कृमींवर दोन ग्रंथ लिहिले. ते जगभर वापरले गेले. त्याच फोव्हेलने भारतातून जमवलेले नमुनेही तपासले आणि 1953 साली भारतीय प्राण्यांवरील ग्रंथमालेत त्याचा बहुशूकांवरचा खंड प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या अभ्यासकांच्या कितीतरी पिढ्यांनी हाच ग्रंथ मेजावर ठेवून कृमी ओळखले. फोव्हेलचे काम मोठे होते, त्याबद्दल वाद नाही. पण व्हायचे काय, की इंग्लंड-फ्रान्सच्या थंड पाण्यातल्या कृमींची नावे आपल्या उष्ण खाड्यांतल्या कृमींना चिकटत गेली. एकच जात सगळ्या जगात पसरली आहे, असे पुस्तकांत दिसू लागले आणि हळूहळू त्याचे कुणाला आश्चर्यही वाटेनासे झाले.

आता एका कृमीचीच कुंडली मांडून पाहू. त्याचे नाव मार्फिसा सँग्विनिया. सँग्विनिया म्हणजे रक्तवर्णी. याच्या कल्ल्यांना रक्ताचा लाल रंग असतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जॉर्ज माँटॅग्यू या निसर्गप्रेमी गृहस्थाने 1813 साली त्याचे वर्णन केले. वर्णन त्या काळच्या रीतीप्रमाणे थोडक्यात. पुढे याच्यासारखा जाडजूड कृमी जिथे जिथे सापडला, तिथे तिथे त्याला हेच नाव मिळाले. ऑस्ट्रेलियात तेच, जपानात तेच, अमेरिकेतही तेच. दीडशे-पावणेदोनशे वर्षे हे असेच चालले.

मग 2003 साली सिडनीच्या संग्रहालयातल्या पॅट हचिंग्ज यांनी, एका सहकाऱ्यासह, अगदी साधा प्रश्न विचारला. माँटॅग्यूने पाहिलेला कृमी नेमका होता तरी कसा? प्राणिशास्त्रात नाव हे वर्णनाला बांधलेले नसते बरं का. ते एका विशिष्ट नमुन्याला बांधलेले असते. वाद पडला, तर तोच नमुना पुढे आणून पाहायचा. सोनाराकडे असते ना मूळ वजन, तसे. पण माँटॅग्यूचा मूळ नमुनाच हाती नव्हता! तेव्हा नियमाप्रमाणे इंग्लंडच्या त्याच दक्षिण किनाऱ्यावरचा एक कृमी घेऊन त्याला मूळ नमुन्याच्या गादीवर बसवण्यात आले. त्याच्याशी ऑस्ट्रेलियातला कृमी ताडून पाहिला, तर तो निराळाच निघाला. लोक वर्षानुवर्षे तो गळाला आमिष म्हणून लावत होते. त्याला आता मार्फिसा मुल्लावा असे स्वतःचे नाव मिळाले.

एवढे काम नुसत्या शरीररचनेवर झाले. पुढच्या कथेत जनुके आली आणि गंमत वाढली.

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर आर्काशाँ नावाचा उपसागर आहे. तिथल्या कालवांची ख्याती आहे, आणि तिथला मार्फिसा कृमीही गळवाल्या मच्छीमारांत प्रसिद्ध. त्याचा व्यापार चालतो. तोही अर्थात सँग्विनियाच समजला जाई. तपासणाऱ्यांनी त्याच्या केसांच्या फण्या पाहिल्या, कल्ले मोजले आणि शिवाय त्याच्या पेशींतला डीएनए वाचला. तो इंग्लंडच्या कृमीशी जुळेना. 2017 साली त्याला मार्फिसा व्हिक्टोरी हे नवे नाव दिले. पुढच्याच वर्षी, म्हणजे 2018 साली, चीनच्या किनाऱ्यावरून मार्फिसा बुल्ला नावाच्या एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. दोन देश, दोन गट, दोन नावे. 2019 साली जपानी संशोधकांनी आपल्याकडच्या मार्फिसांचा डीएनए तपासला, तर ज्यांना तिथले लोक एकाच नावाने ओळखत, त्यांत पाच निरनिराळ्या जाती लपलेल्या आढळल्या. 2020 साली हे सगळे कागद एकत्र मांडून पाहिले गेले, आणि फ्रान्सचा ‘नवा’ कृमी आणि चीनचा ‘नवा’ कृमी हे दोघे एकच ठरले! त्याचे खरे माहेर पूर्व आशिया. 1970 नंतरच्या दशकात जपानची कालवे फ्रान्समध्ये मोठ्या प्रमाणावर आणली गेली; बहुधा त्यांच्या संगतीने हा पाहुणा तिथे आला आणि घरचाच होऊन बसला. नियम असा, की एकाच जातीला दोन नावे पडली, तर आधीचे टिकते. म्हणून आशियातल्या कृमीला आज फ्रान्समध्ये ठेवलेले नाव आहे. आधी एका नावाखाली अनेक जाती होत्या. इथे एका जातीवर दोन नावे. डीएनए फोडाफोड करतो तशी जुळवाजुळवही करतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

डीएनए वाचतात म्हणजे काय करतात, हे दोन शब्दांत सांगतो. आपल्या प्रत्येक पेशीत आनुवंशिक गुणांची एक लांबलचक पोथी असते आणि ती अवघ्या चार अक्षरांत लिहिलेली असते. सगळी पोथी वाचायची गरज नाही. पेशीत ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया नावाचे कण असतात. त्यांच्यातल्या एका ठरावीक जनुकाचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा घेतात. एकाच जातीतल्या दोन कृमींत तो तुकडा जवळजवळ सारखा असतो. जाती वेगळ्या असतील, तर बरीच अक्षरे बदललेली दिसतात. मात्र किती अक्षरे बदलली म्हणजे जात बदलली, असा सरकारी दर ठरलेला नाही. तिथे माणसाच्या विवेकालाच काम करावे लागते.

तुम्ही म्हणाल, पंडितांना नावांचा छंद असेल. चिखलातल्या किड्याचे नाव चुकले म्हणून कुणाचे काय बिघडले? तेव्हा आता कॅपिटेला ऐका.

हा बारीक, लाल, तांबड्या दोऱ्यासारखा कृमी. ऑटो फॅब्रिशिअस या धर्मोपदेशकाने ग्रीनलंडमध्ये राहून तिथल्या प्राण्यांवर पुस्तक लिहिले, त्यात 1780 साली याचे वर्णन आहे. फॅब्रिशिअसने त्याला चक्क गांडुळाच्या वंशात घातले होते! पुढे त्याला कॅपिटेला कॅपिटाटा म्हणू लागले. याचा विशेष असा, की जिथे सांडपाणी, तेल, घाण साचते आणि बाकीचे प्राणी मरतात, तिथे हा फोफावतो. त्यामुळे जगभर ‘कॅपिटेला पुष्कळ सापडला, म्हणजे पाणी बिघडले’ असा एक ठोकताळाच पडून गेला. आपल्याकडच्या किनाऱ्यांच्या पाहण्यांतही हे नाव येते.

1969 सालच्या सप्टेंबरात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वेस्ट फालमथजवळ ‘फ्लॉरिडा’ नावाचा तेलाचा पडाव खडकावर चढला आणि त्यातले तेल सांडले. खाडीतले प्राणी मेले आणि मोकळ्या झालेल्या चिखलात कॅपिटेलाची झुंबड उडाली. जवळच वुड्स होलच्या संशोधनसंस्थेत ज्यूडिथ आणि फ्रेडरिक ग्रासल हे दांपत्य काम करत होते. त्यांनी हे कृमी पाळले, वाढवले, त्यांची पैदास पाहिली. दिसायला सगळे एकसारखे. पण कुणाची अंडी मोठी, कुणाची लहान. कुणाची पिले, शास्त्रात ज्यांना डिंभ म्हणतात ती, काही तासांतच चिखलात बसणारी. तर कुणाची कित्येक दिवस पाण्यावर तरंगत लांब जाणारी. तेव्हा डीएनए वाचण्याची सोपी सोय नव्हती. ग्रासल दांपत्याने कृमींतली एंझाइमे घेतली आणि जेलीच्या पातळ थरातून विजेच्या प्रवाहाने ती पळवली. एंझाइम जनुकाच्या हुकमाने बनते. जनुक निराळे असेल तर एंझाइमही थोडे निराळे, आणि ते कमीअधिक अंतरावर जाऊन थांबते. या शर्यतीत एकाच नावाचे कृमी निदान सहा गटांत विभागले गेले. 1976 साली हा शोध प्रसिद्ध झाला: ज्याला आपण एक जात म्हणत होतो, त्या सहा जाती आहेत, आणि त्यांचा आपसांत संकर होत नाही.

आता ठोकताळ्याचे काय झाले, ते पाहा. प्रयोगशाळेत एका कॅपिटेलावर विषाची चाचणी घ्यायची आणि निष्कर्ष लावायचा दुसऱ्याच खाडीतल्या, दुसऱ्याच कॅपिटेलावर! एकीची पिले आईच्या जवळ राहतात, ती घाण पडताच दोनचार पिढ्यांत चिखल भरून टाकील. दुसरीची पिले दूरवर जातात, तिचे गणित वेगळे. दोघींना एकच नाव दिले, की खाडी बिघडत आहे की सुधारत आहे, हेच सांगता येणार नाही. कारखान्याचे पाणी सोडायचे की अडवायचे, याचे अहवाल असल्या नावांवर उभे राहतात. म्हणून म्हणतो, हा नुसता नावांचा छंद नव्हे.

आणि तरीही त्या सहांपैकी जी प्रयोगशाळेत सगळ्यांत जास्त पाळली गेली, तिला रीतसर नाव मिळायला 2009 साल उजाडले. तेहतीस वर्षे! तोवर ती बिचारी ‘कॅपिटेला क्रमांक एक’ म्हणून वावरत होती. आता तिचे नाव कॅपिटेला टेलेटा. एवढा उशीर का? नाव द्यायचे तर शरीराचे वर्णन हवे, मूळ नमुना हवा, आणि मुख्य म्हणजे खरा कॅपिटाटा कोणता, ते ग्रीनलंडचा कृमी तपासून आधी ठरवायला हवे. जनुकांनी भेद दाखवला, पण नाव देण्यासाठी कुणाला तरी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसावेच लागले. अशी माणसे कमी होत चालली आहेत. यंत्र विकत घेता येते. पण हजारो केस पाहून तयार झालेला डोळा कुठे विकत मिळत नाही, आणि आपल्या शिक्षणसंस्थांना त्याची किंमत कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे ऐकून तुम्हांला वाटेल, की शरीर फसवते आणि जनुक खरे बोलते. थांबा. झेनोटर्बेलाचा खटला अजून राहिला आहे.

हा एक चमत्कारिक कृमी आहे. पायमोजा काढून टाकावा तसा दिसतो. मेंदू नाही, गुदद्वार नाही. नुसते तोंड आणि आत पिशवी. स्वीडनच्या किनाऱ्यावर 1915 साली तो प्रथम सापडला आणि 1949 साली त्याचे वर्णन झाले. पण याचे नातेवाईक कोण? शरीरात इतके थोडे अवयव, की कशाशी ताडून पाहावे तेच कळेना. 1997 साली डीएनएची साक्ष निघाली, आणि ती म्हणाली, हा तर शिंपल्यांचा नातलग! त्याच वेळी दुसऱ्या एका संशोधकाने त्याच्या पोटातली अंडी तपासली. तीही शिंपलेवर्गाच्या अंड्यांसारखी दिसली. म्हणजे दोन साक्षीदार, स्वतंत्रपणे आलेले, आणि दोघेही एकच सांगणारे. कुठल्याही कोर्टाने निकाल दिला असता.

2003 साली कळले, की झेनोटर्बेला शिंपल्यांचा नातलग नाही, तो शिंपले खातो. वाचला गेला तो डीएनए त्याच्या जेवणाचा होता, आणि ती अंडीही जेवणातलीच! कृमीच्या अंगातून दोन तऱ्हांचा डीएनए निघतो, हे ताडून पाहिल्यावर त्याचा स्वतःचा डीएनए वेगळा काढता आला. दोन्ही साक्षीदार एकाच ताटातून जेवून आलेले होते, म्हणून त्यांचे एकमत झाले होते. मला तर हा दृष्टांत तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालावासा वाटतो.

पुढे 2016 साली पॅसिफिक महासागरात, कॅलिफोर्नियाच्या बाजूला, झेनोटर्बेलाच्या आणखी चार जाती खोल पाण्यातून जाहीर झाल्या. एक तर वीतभर लांब. दुसरीच्या अंगावर लांब पन्हळी होत्या, म्हणून तिला चुरो या तळलेल्या स्पॅनिश मिठाईचे नाव दिले. शास्त्रज्ञांनाही भूक लागते म्हणायची. त्यांतली पहिली 2004 सालीच दृष्टीस पडली होती. ओळख पटवून नाव द्यायला बारा वर्षे लागली, आणि मागचा अनुभव पाहता ती लागली ते बरेच झाले. या कृमींची जागा प्राण्यांच्या वंशवृक्षात नेमकी कुठे, याबद्दल विद्वानांत अजूनही एकमत नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. आपल्याकडे जुन्या संग्रहांत बाटल्याच बाटल्या भरून कृमी आहेत. मग त्यांचाच डीएनए काढून सगळी नावे एकदा तपासून का घेऊ नयेत? अडचण फॉर्मॅलिनची आहे. फॉर्मॅलिनमध्ये कृमीचे शरीर छान टिकते, पण डीएनए असा बिघडतो, की वाचणे फार कठीण जाते. उलट अल्कोहोलमध्ये डीएनए टिकतो, पण शरीर आक्रसते आणि कडक होते. म्हणून मूळ जागी जाऊन ताजा कृमी आणण्यावाचून गत्यंतर नसते. आणि ती मूळ जागा? मुंबईत भराव घालून समुद्राची किती जमीन झाली, हे तुम्ही जाणताच. ज्या चिखलातून एखाद्या जातीचा पहिला नमुना निघाला, तो चिखलच बुजला, तर ताडून पाहायला पुन्हा कृमी आणायचा कुठून?

काम अगदीच थांबलेले आहे असे नाही. 2020 साली भारताच्या किनाऱ्यावरून मार्फिसा मद्रासी या नव्या जातीचे वर्णन झाले आणि त्या निमित्ताने आपल्या भागातून पूर्वी नोंदलेल्या मार्फिसांची छाननीही झाली. कोळंबीच्या बीजकेंद्रांत अंड्यावर येणाऱ्या माद्यांना असल्या कृमींचा खुराक घालतात, तेव्हा कुठला कृमी कुठून उपसला जातो, हे कळणे धंद्याच्याही सोयीचे आहे. एक जात समजून दोन जाती उपसल्या, तर त्यांतली विरळ असेल ती कधी संपली, याचा पत्ताही लागायचा नाही.

हल्ली कृमी हाती आला, की त्याचे दोन भाग करतात. शेपटीकडचा तुकडा, किंवा आतड्याला धक्का न लावता कुशीवरचा एखादा पाय, अल्कोहोलमध्ये जातो. हे झेनोटर्बेलाने शिकवलेले शहाणपण. डोके, जबडे, कल्ले आणि केस असलेला पुढचा भाग फॉर्मॅलिनमध्ये. वाचलेली अक्षरे सार्वजनिक संग्रहात ठेवतात. जगातल्या कुणालाही ती फुकट पाहता येतात. बाटल्या जातात संग्रहालयात. दोन्ही बाटल्यांवर एकच क्रमांक, जागा, तारीख आणि चिखल किती खोल होता ते, शाईने लिहून ठेवायचे असते. शाई मात्र अल्कोहोलमध्ये न विरघळणारी हवी.